थर्मो गेला, आता कारखाना कसला?

गेल्या आठवड्यात रात्री दीड वाजता भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. "मामा, थर्मो गेला."

भाचा इंग्लंडमध्ये मेकॅनिकल करतोय. चार वर्षांचा कोर्स, त्यातलं तिसरं वर्ष अख्खं कारखान्यात. पास व्हायला ४० टक्के हवेत, याला ३७. कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, जुलैत रुजू व्हायचंय. पण त्यांचा नियम असा की दुसऱ्या वर्षाचे सगळे क्रेडिट मिळाल्याशिवाय कारखान्यात पाय ठेवायचा नाही. रीसिट ऑगस्टमध्ये. तोपर्यंत कंपनी थांबली नाही, तर तो पास होऊनही थेट शेवटच्या वर्षात जाणार आणि डिग्रीवरून कारखान्याचं वर्ष गायब होणार. "आपल्याकडे निदान एटीकेटी तरी असते," असं म्हणाला बिचारा.

हा नियम आला कुठून, हे शोधायला बसलो तर गंमतच कळली. सुरुवात नेमकी उलटी होती!

१९०३ साली, ईशान्य इंग्लंडमधलं संडरलँड. जहाजं बांधणारं गाव. तिथल्या टेक्निकल कॉलेजने आसपासच्या कंपन्यांशी ठरवलं की शिकाऊ पोरांना वर्षातले काही महिने कॉलेजला सोडायचं, बाकीचे महिने कामावर. यालाच पुढे सँडविच कोर्स म्हणू लागले. (हो, खायच्या सँडविचवरूनच.) म्हणजे पोरगा आधी कारखान्याचा, मग कॉलेजचा.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस, अर्नेस्ट हाइव्ह्ज. गॅरेजमधून वर आलेला गडी. १९११ मध्ये याने रोल्स-रॉइस गाडी लंडनहून एडिंबराला आणि परत अशी टॉप गियरमध्ये नेऊन दाखवली, आणि पुढे त्याच कंपनीचा चेअरमन झाला. १९५५ मध्ये ब्रिटनने तंत्रशिक्षणाच्या पदव्यांसाठी एक राष्ट्रीय कौन्सिल नेमलं, त्याचं अध्यक्षपद याच लॉर्ड हाइव्ह्जकडे. टेक्निकल कॉलेजांना स्वतःची डिग्री द्यायचा अधिकार नव्हता, म्हणून या कौन्सिलने 'डिप्लोमा इन टेक्नॉलॉजी' काढला. नावात डिप्लोमा, पण दर्जा ऑनर्स डिग्रीचा. आणि अट काय? उद्योगातलं प्रशिक्षण झालंच पाहिजे. पेपरात कितीही मार्क पाडा, हाताला ग्रीस लागलं नसेल तर डिप्लोमा नाही.

मग १९६६ च्या सुमारास यातली बरीच मोठी कॉलेजं विद्यापीठं झाली. ब्रुनेल, बाथ, लफबरो, सरे, सगळी याच पिढीतली. आता डिग्री त्यांची, नियमही त्यांचे. सँडविच कोर्स राहिले, पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मंदी आली, कारखाने बंद पडायला लागले आणि पोरांना जागा मिळेनात. जागाच नसेल तर सक्ती कशी करणार? आज बऱ्याच ठिकाणी कारखान्याचं वर्ष ऐच्छिक असतं. जागा मिळाली नाही की तीन वर्षांच्या कोर्सला वळवतात. अनेक ठिकाणी त्या वर्षाला फक्त पास-नापास, अंतिम श्रेणीत ते धरतही नाहीत.

हाइव्ह्जच्या काळात कारखान्यातून गेल्याशिवाय पदवी नव्हती. आता पेपर पास झाल्याशिवाय कारखाना नाही. विद्यापीठाची बाजू मला कळते: कच्चा पोरगा पाठवला तर पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्यालाही घेणार नाही. पण थर्मो कागदावर न समजलेल्या पोराला बॉयलरसमोर उभं करायची खरी गरज असते, आणि नेमका तोच गाळला जातो. हे मला पटत नाही.

आपल्याकडे तर क्रमच वेगळा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात इंजिनिअर पदवीधर आले ते १९७३ च्या दुरुस्तीने, म्हणजे आधी डिग्री, मग कारखाना. मीही तसाच शिकलो. पहिल्यांदा लेथला हात लावला तेव्हा फोरमन माझ्याकडे बघून हसला होता, ते अजून आठवतं.

भाच्याने कंपनीला मेल टाकलाय, सप्टेंबरात रुजू झालो तर चालेल का म्हणून. सध्या रोज रात्री मला एन्ट्रॉपीची गणितं पाठवतो. मला त्यातली निम्मी येत नाहीत.