मेहताजींचा रविवार

सुरतेत २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. ईश्वर एक, माणसांची जात एक, आणि मंत्रतंत्र करणाऱ्यांना उघड आव्हान, असा तिचा बाणा होता. म्हणून गुजरातच्या इतिहासात तिची गणना धर्मसुधारणेच्या चळवळींत होते. मी सारी नोकरी सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांत केली. त्यामुळे तिच्याबद्दल वाचताना माझे लक्ष आधी जाते ते ती चालवणाऱ्यांच्या पेशाकडे. दुर्गाराम मंछाराम हे सरकारी गुजराती शाळेचे मेहताजी, म्हणजे मास्तर. त्यांचे सोबती दादोबा पांडुरंग तर्खडकर सरकारी इंग्रजी शाळेत शिकवत. १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करणारे ते हेच दादोबा. शिक्षकांनी आपखुशीने एकत्र बसावे आणि एकमेकांकडून शिकावे, या रीतीचे सुरतेतले मूळ मला या दोघांच्या सहवासात दिसते.

दुर्गाराम सुरतेचेच, जन्म १८०९ चा. शिक्षकीचे धडे घ्यायला ते मुंबईला गेले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तिथे मराठी आणि गुजराती अशा दोन्ही शाळांसाठी मास्तर तयार होत. गुजरातीचे काम भरूचचे रणछोडदास गिरधरभाई पाहत. १८२६ पासून हे मास्तर गुजरातेत नेमले जाऊ लागले. गावात धुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या जुन्या शाळा होत्याच. त्यांच्या शेजारी आता छापील पुस्तक, भूगोल आणि नव्या पद्धतीचे गणित घेऊन सरकारी शाळा उभी राहिली. तिच्या मास्तराला शिक्षण मिळाले होते ते एकदाच, मुंबईत. पुढे वर्गात काही अडले, एखादा धडा मुलांच्या गळी उतरेना, तर विचारणार कोणाला? पालकांना हे शिक्षण नवे, जुन्या पंतोजींना ते परके आणि मुंबई लांब. नव्या शिक्षकाला सोबती शोधावेच लागले असतील, असे मला वाटते.

१८४२ साली दुर्गारामांनी पुस्तक प्रसारक मंडळी काढली आणि सुरतेत शिळाप्रेस आणला. आपल्याला लागणारी पुस्तके आपणच छापावीत, ही शिक्षकाची गरज त्यामागे होती. त्याच सुमारास शहरात सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली आणि दादोबा तिथे शिकवू लागले. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम भगुभाई आणि दामोदरदास हे पाच जण एकत्र आले. सगळ्यांच्या नावाचे पहिले अक्षर एकच, म्हणून सुरत त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणून ओळखू लागली.

याच मंडळींची मानवधर्म सभा दर रविवारी भरे. येण्याची मोकळीक सगळ्यांना होती. एकाने विषय मांडायचा आणि बाकीच्यांनी तो तपासायचा. चमत्काराचा दावा करणाऱ्याला ही मंडळी सांगत, सगळ्यांदेखत करून दाखवा. वर्गात मास्तराचा शब्द शेवटचा असतो. रविवारी मात्र त्याच मास्तराला शंका ऐकाव्या लागत आणि पुरावा द्यावा लागे. सभेत शिकवण्याच्या पद्धतीची चर्चा होत असे, असा माझा दावा नाही. विषय धर्माचा आणि रूढींचा होता. पण मत मांडणे, विरोध ऐकणे आणि पटले तर मत बदलणे, ही सवय अंगी बाणली की ती सोमवारच्या वर्गातही येतेच. दुर्गाराम सभेचा वृत्तान्त रोजनिशीत लिहीत. तिच्या आधारे महिपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, म्हणून तर आज आपल्याला हे सारे ठाऊक आहे.

सभा फार वर्षे चालली नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले आणि तिचा जोर ओसरला. १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि ती बंदच पडली. दोन बदल्यांनी एक संस्था संपली. एखादे उत्साही सर किंवा बेन शाळेतून गेले की त्यांनी लावलेली घडी कशी विस्कटते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते.

सवय मात्र माणसांबरोबर गेली. बाळशास्त्री जांभेकरांच्या निधनानंतर मुंबईच्या नॉर्मल वर्गाची, म्हणजे शिक्षक घडवण्याच्या वर्गाची, धुरा दादोबांकडे आली. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञानप्रसारक सभेच्या मराठी शाखेचे ते अध्यक्ष झाले. इकडे सुरतेच्या नर्मदाशंकरांनी, म्हणजे कवी नर्मद यांनी, १८५१ च्या सुमारास गुजरातीतला पहिला मानला जाणारा निबंध लिहिला. त्याचा विषयच मुळी ‘मंडळी मिळवल्याने होणारे लाभ’ हा होता. नर्मद लहानपणी काही काळ दुर्गारामांच्या शाळेत शिकले होते आणि १८५२ मध्ये तापीपलीकडच्या रांदेरला स्वतः शिक्षक झाले. सुरतेचेच महिपतराम १८६० साली शिक्षणपद्धती पाहायला इंग्लंडला गेले आणि परत आल्यावर जातीबाहेर टाकले गेले. पुढे त्यांनी अहमदाबादच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. ते आणि त्यांच्यानंतर सुरतेचे नवलराम पंड्या ‘गुजरात शाळापत्र’ या शिक्षकांच्या मासिकाचे संपादक होते. मराठीत ‘शालापत्रक’ हेच काम करत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ते १८७५ पर्यंत सांभाळले. खेड्यातल्या एकट्या मास्तराला अशा मासिकामुळे घरबसल्या सहकारी मिळत.

स्वतंत्र भारतात हे काम सरकारने अंगावर घेतले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारच्या शाळांचे संकुल सुचवले. सर्व शिक्षा अभियानात क्लस्टर रिसोर्स सेंटर आली. गुजरातेत आम्ही त्यांना नुसते ‘सीआरसी’ म्हणतो. महाराष्ट्रात केंद्रप्रमुख शिक्षण परिषद घेतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत, असे म्हटले आहे. या सगळ्याची गरज होती आणि मला त्याचा लाभही झाला. तरी माझ्या वर्गात सर्वात जास्त फरक पडला तो एका अशा बैठकीने, जिचा कुठल्याच परिपत्रकात उल्लेख नव्हता.

मी मूळची अमळनेरची. सुरतेत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोलीकडे राहतात. पुरुष लूमवर किंवा मार्केटात आणि बायका घरी साड्यांना टिकल्या लावताना दिसतात. मुले घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलतात. महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांत चालतात, आणि एकाच इमारतीत दोन पाळ्यांत दोन माध्यमे असणे इथे नवे नाही. आमच्या इमारतीत दुपारी ओडिया शाळा भरे. माझ्या मुलांना दशक मोडून वजाबाकी जमत नव्हती. पाळी बदलताना मी हे सहज बोलले. ओडिया शाळेतल्या एका बेननी साडीच्या कापलेल्या धाग्यांच्या दहा-दहाच्या जुड्या दाखवल्या. जुडी सोडायची, सुटे धागे मोजायचे, मग वजा करायचे. तो धागा माझ्या मुलांच्याही घरात रोज पडलेला असायचा. पुढे त्या माझा वर्ग बघायला आल्या आणि मी त्यांचा. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण मूल नेमके कुठे अडखळते हे दोघींना दिसत होते. हळूहळू गुजराती शाळेतले एक सरही येऊन बसू लागले. प्रत्येकाने आपला न जमलेला धडा आणायचा, एवढाच नियम होता. आम्ही वही मात्र ठेवली नाही. मी निवृत्त झाल्यावर नव्या शिक्षकांच्या हाती देण्यासारखे काही उरले नाही.

म्हणून आजच्या शिक्षकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. दुर्गाराम आणि दादोबांकडून तीन गोष्टी घ्या. वार ठरलेला ठेवा. दार दुसऱ्या माध्यमाच्या, दुसऱ्या भाषेच्या शिक्षकाला उघडे ठेवा. आणि काय विचारले, काय करून पाहिले, काय फसले हे लिहून ठेवा. सरकारी तास भरायचे तर भराच, पण बैठकीला येताना आपला प्रश्न घेऊन या. बदली कुणालाच चुकत नाही. वही शाळेत राहिली, तर नव्याने आलेल्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सोबती मिळतील.