आत्याच्या हजार पौर्णिमा

2024 च्या सप्टेंबरात बडोद्याहून काकांच्या मुलाचा फोन आला. "आत्याचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. भाषण तू लिही, तू इतिहास शिकवतेस." इतिहास शिकवणाऱ्या माणसाला लोक भाषणं का लिहायला सांगतात, मला कधी कळलेलं नाही. गौरव करणं हे आमचं काम नव्हे. तारखा तपासणं हे आमचं काम. मी हो म्हटलं आणि सवयीनं आधी तेच केलं. आत्याची जन्मतारीख तपासली.

कागदावर ती 1 जून 1942 आहे. ही तारीख पाहिली की आपल्याकडच्या कोणालाही शंका यावी. एका पिढीतली निम्मी माणसं 1 जूनला जन्मलेली आहेत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होते आणि हेडमास्तर पोराकडे बघून सहा वर्षं वजा करतात. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो कायदा सगळ्या बडोदे संस्थानाला लावला. मुलग्यांना बारा वर्षांपर्यंत आणि मुलींना दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली. मुलींसाठी असा कायदा हिंदुस्थानात तेव्हा दुसरीकडे शोधावा लागला असता. वर्गात या गोष्टीचं मी दरवर्षी कौतुक करते. मात्र वय विचारणारा कायदा आला तेव्हा वय सांगणारा कागद घरोघरी नव्हता, हे आत्याची तारीख हातात येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

खरी तारीख आत्याच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, वेगळ्याच पद्धतीनं जपली होती. आत्या भोगीला झाली, आणि मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. आजीचा भाऊ त्या वेळी मुंबईत होता आणि चार दिवस त्याचा पत्ता नव्हता, म्हणून स्फोट तिच्या पक्का लक्षात राहिला. गोदीतला स्फोट 14 एप्रिल 1944 चा. म्हणजे आत्याचा जन्म 13 जानेवारी 1944 चा. आजीचं तीन महिन्यांचं गणित फार तर एका दिवसानं चुकलेलं होतं.

1948 च्या जूनमध्ये आजी आजारी होती, घरात पोर सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून साडेचार वर्षांच्या मुलीला सहा वर्षांची म्हणून शाळेत बसवलं. एवढीच ती लबाडी. तिनं पुढं काय काय केलं ते नंतर सांगते.

आधी पौर्णिमा मोजल्या. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53 दिवस जातात. हजार पौर्णिमांना 80 वर्षं आणि जवळजवळ 10 महिने लागतात. कागदाप्रमाणे हा सोहळा 2023 च्या चैत्रातच व्हायला हवा होता. खऱ्या तारखेप्रमाणे आत्याची पहिली पौर्णिमा फेब्रुवारी 1944 मधली, आणि हजारावी येत होती 15 नोव्हेंबर 2024 ला, त्रिपुरी पौर्णिमेला. भावाला फोन करून म्हटलं, हॉल त्याच दिवसाचा घे.

तारीख ठरली, आता भाषण. ते काही केल्या सुरू होईना. लिहायला बसलं की पेनातून मानपत्र उतरायचं: "आपल्या त्यागमय जीवनानं आम्हा सर्वांना" वगैरे. ही भाषा आली कुठून म्हणून जुनं चाळायला लागले, आणि महिना त्यातच गेला.

साठीची शांत, सहस्रचंद्रदर्शन हे आपल्याकडे घरातले विधी. ते होतात मुख्यतः कर्त्या पुरुषाचे. बायको पाटावर शेजारी असते. भाषण हा त्यातला भाग नव्हता, मंत्र होते आणि जेवण होतं. भाषण आलं ज्युबिलीबरोबर. व्हिक्टोरिया राणीच्या गादीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 1887 मध्ये, गावोगाव मानपत्रं वाचली गेली. 1897 मध्ये साठ झाली तेव्हा पुन्हा. हिरा हा तोवर पंचाहत्तरीचा मान होता. राणीसाठी तो साठीवर आणला गेला, आणि आपणही साठीला हीरकमहोत्सव म्हणायला लागलो. मग पंचाहत्तरीसाठी अमृत शोधावं लागलं. पुण्यात त्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, 22 जून 1897 ला, गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्टवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या. मराठी मुलखात वाढदिवसाच्या भाषणांच्या इतिहासात ही रात्र आहेच, ती टाळता येत नाही.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो 23 जुलै 1916. टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली. लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली, ती त्यांनी राष्ट्रकार्याला देऊन टाकली. आणि त्याच दिवशी सरकारची नोटीस हातात पडली: तुमची भाषणं राजद्रोही आहेत, वर्षभर नीट वागण्याचा जामीन का घेऊ नये ते सांगा. वीस हजारांचा जातमुचलका मागितला होता. पुढे जिनांनी वकिली केली आणि नोव्हेंबरात हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. एकाच दिवशी एकाच माणसाच्या आयुष्याचे दोन हिशेब मांडले गेले, एक थैलीचा आणि एक नोटिशीचा. सरकारच्या हिशेबात निदान टिळक नेमकं काय बोलले ते तरी होतं. गौरवाच्या भाषणात तेच बहुधा नसतं.

बायकांचं काय? महर्षी कर्व्यांना 18 एप्रिल 1958 ला शंभर वर्षं झाली. त्याच वर्षी भारतरत्न मिळालं, आणि मुंबईच्या समारंभाला पंतप्रधान नेहरू आले. तो मान त्यांचाच होता. पण ज्यांनी कर्व्यांची मिळकत संस्थेत जात असताना घर चालवलं, सुईणीचं काम शिकून चार पैसे आणले, वर्गणी मागत दारोदार फिरल्या, त्या आनंदीबाई 1950 मध्येच गेल्या होत्या. त्यांनी आपलं आयुष्य स्वतःच सांगून ठेवलं, ते 'माझे पुराण' नावानं 1944 मध्ये छापून आलं. आत्याच्याच वयाचं पुस्तक. त्यात कर्व्यांविषयी आदर आहे, पण आरती नाही. पैशांची ओढाताण आहे, नवऱ्यावरचा राग आहे, स्वतःच्या हुशारीचा अभिमानही आहे. हे वाचल्यावर माझा पहिला मसुदा मी फाडला.

दुसरा मसुदा चांगला झाला असं मला वाटलं. त्यात मी खरी गोष्ट लिहिली. आत्या कागदी वयामुळे 1959 मध्ये, पंधराव्या वर्षी मॅट्रिक झाली. कॉलेजचं एक वर्ष केलं. मग आजोबांचं दुकान बसलं, आणि जून 1960 मध्ये, कागदावर अठरा पूर्ण होताच, ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागली. खरं वय सोळा. तिच्या पगारावर बाबा इंजिनियर झाले, काकांचं शिक्षण झालं. तिनं लग्न केलं नाही. हे सगळं मी लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वयाचं नको लिहूस. पेन्शनचं काही निघेल."

ही भीती अगदीच पोकळ नव्हती. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर वीस टक्के जादा मिळतात. आत्याला ते कागदाप्रमाणे 2022 पासून मिळताहेत. पण सर्व्हिस बुकातली तारीख हीच सरकारची तारीख. त्याच तारखेनं तिला 31 मे 2002 ला घरीही बसवलं, दीडेक वर्ष लवकर. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिनाअखेरीला निवृत्त होतो, असा नियम आहे. मी बाबांना हा हिशेब सांगितला. त्यांनी तो ऐकला नाही. त्यांना पेन्शनबद्दल बोलायचंच नव्हतं, हे मला उशिरा कळलं. चारशे माणसांत त्यांना पहिल्या रांगेत बसवून मी त्यांच्या डिग्रीची पावती वाचून दाखवणार होते.

म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत बडोद्याला गेले आणि मसुदा आत्यालाच दिला. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात ती अजून एकटी राहते. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं, पेन मागितलं आणि 'त्याग' हा शब्द तीन ठिकाणी खोडला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"खोटं आहे का?"

"खोटं नाही गं. पण मी काय रडत जात होते का कामावर? मला आवडायचं ते. कॉलेजात काय होतं? वेण्या घालून बसायचं आणि घरी यायचं. इथं कानाला हेडसेट लावला की मुंबई, अहमदाबाद, सुरत, दिल्ली."

मग दोन दिवस ती बोलत होती आणि मी लिहून घेत होते. बोर्डावरच्या दोऱ्या, प्रत्येक कॉलचं तिकीट, साधा, अर्जंट आणि लाइटनिंग कॉलचे वेगवेगळे दर, ठरावीक माणसासाठीचा पीपी कॉल. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं. 1960 च्या नोव्हेंबरात कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातली पहिली एसटीडी सुरू झाली, तेव्हा एक्स्चेंजमध्ये सगळ्या म्हणाल्या होत्या की आता आपली नोकरी गेली. "गेली कुठे? मग कितीतरी वर्षं रांगा होत्या ट्रंक कॉलच्या." गुजराती बोलायचं, हिंदी बोलायचं, अडला तर इंग्रजी, आणि शेजारच्या मराठी मुलीशी मराठी. मराठी साहित्यातल्या कुठल्या आत्मचरित्रात मी हे वाचलेलं नव्हतं.

"तुला लिहायचंच असेल तर दोन 19 सप्टेंबर लिही," ती म्हणाली.

पहिला 1965 चा. पाकिस्तानशी युद्ध चालू होतं. त्या दिवशी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचं विमान कच्छमध्ये पाकिस्तानी लढाऊ विमानानं पाडलं. आत्याची रात्रपाळी होती. बाहेर ब्लॅकआउट, आत बोर्डावर एकसारखे दिवे. सकाळपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. कोण कोणाशी काय बोललं ते तिनं मलाही सांगितलं नाही. "ते सांगायचं नसतं."

दुसरा 1968 चा. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा संप होता. गरजेवर आधारलेलं किमान वेतन ही मागणी. सरकारनं वटहुकूम काढून संप बेकायदा ठरवला होता. देशभर हजारोंनी अटका झाल्या, पठाणकोटला रेल्वे कामगारांवर गोळीबार झाला. आत्या त्या दिवशी कामावर गेली नाही. बाबा तेव्हा कॉलेजात होते, घर तिच्या पगारावर होतं, आणि आजोबांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. नोकरी गेली असती तर? मी विचारलं.

"तर गेली असती. मी जायचं की नाही ते मीच ठरवलं होतं. वयही दुसऱ्यानं ठरवलेलं, नोकरीही. हे एक माझं."

आमच्या घरात छप्पन्न वर्षं ही गोष्ट कोणी काढलेली नव्हती. त्यागाची गोष्ट मात्र दर दिवाळीला निघायची. ती सोयीची होती, ऐकणाऱ्यालाही आणि सांगणाऱ्यालाही.

तिसरा मसुदा मी रेल्वेत लिहिला. त्यात गोदीचा स्फोट राहिला, 1 जून राहिला. बाबांची फी राहिली, पण एकाच वाक्यात. आणि ते वाक्य बाबांना आधी दाखवलं. त्यांनी त्यात एक दुरुस्ती केली. मी चार वर्षं लिहिलं होतं, ते त्यांनी पाच केलं.

15 नोव्हेंबरला हॉल भरला होता. आत्यानं होम नको म्हणून सांगितलं होतं, ओवाळणं चालेल म्हणाली होती. तबकात ऐंशी दिवे लावताना काकूंची तारांबळ उडाली, पंखे बंद करावे लागले. शेजारचे गुजराती, एक्स्चेंजमधल्या हयात असलेल्या पाच जणी, माझ्या सासरची कानडी माणसं, सगळ्यांना कळावं म्हणून मी हळू वाचत होते. पहिल्या 19 सप्टेंबरपर्यंत आले तेव्हा त्या पाच जणींपैकी एकीनं गुजरातीत मोठ्यानं दुरुस्ती केली की त्या रात्री दोन बोर्ड नव्हते, तीन होते. दुसऱ्या 19 सप्टेंबरपाशी मात्र हॉल अगदी गप्प झाला. बाबा खाली बघत होते.

तेवढ्यात आत्यानं खुर्चीतूनच हात वर केला आणि कामावरच्या त्या आवाजात म्हणाली, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

सगळे हसले. मी बाबांकडे पाहिलं.

"वाढव," बाबा म्हणाले.