गजाची विद्या आणि यंत्रातला वाद्यवृंद

कोणतीही कला शिकायची तर तिचे साधन शिकणाऱ्याच्या हाताशी असावे लागते. चित्रकाराला फलक आणि रंग मिळतात, कवीला कागद पुरतो, गवयाला एक तंबोरा मिळाला की भागते. वाद्यवृंदासाठी रचना करू पाहणाऱ्याची अडचण निराळी आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदात केवळ तंतुवाद्यांचेच साठ वादक असू शकतात : पहिले व्हायोलिन 16, दुसरे 14, व्हिओला 12, चेलो 10 आणि डबल बास 8. एवढी माणसे समोर बसवून ‘हे जरा वाजवून दाखवा’ असे म्हणण्याची सोय कितीजणांना असणार? आज मात्र हा वृंद ध्वनिमुद्रित स्वरांच्या रूपाने घरच्या संगणकात येऊन बसला आहे. तो तेथवर कसा पोहोचला, आणि त्याच्यापाशी बसून मिळते ती विद्या किती व विद्येचा आभास किती, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पूर्वी ही विद्या दोन मार्गांनी मिळे. एक मार्ग राजाश्रयाचा. हायडन 1761 मध्ये एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत शिरला आणि सुमारे तीस वर्षे तेथेच राहिला. वाद्यवृंद लहान, पण तो रोजचा. सकाळी लिहावे, वाजवून घ्यावे, फसले ते खोडावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालवता येईल, अशी ती जागा होती. दुसरा मार्ग स्वाध्यायाचा. रिम्स्की-कोर्साकोव्ह हा मूळचा नौदलातला अधिकारी. 1871 मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो सेंट पीटर्सबर्गच्या संगीतविद्यालयात प्राध्यापक झाला, तेव्हा शास्त्राचा त्याचा अभ्यास तोकडाच होता. पुढे नौदलाच्या बँडपथकांची देखरेख अंगावर आली, तेव्हा वाद्ये स्वतः हाती घेऊन बोटे कोठे पडतात ते त्याने शिकून घेतले. त्याचा वाद्यवृंदरचनेवरील ग्रंथ मृत्यूनंतर, 1913 मध्ये, प्रसिद्ध झाला आणि तो आजही विद्यार्थ्यांच्या हाती असतो. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान होती : शिकणाऱ्याचा वाजवणाऱ्या हाताशी प्रत्यक्ष संबंध येत असे.

तिसरा मार्ग आपल्या मुंबईत घडला. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेले वादक पोटापाण्यासाठी मुंबईस आले आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत स्थिरावले. संगीतकार चाल बांधी; तिच्याभोवती व्हायोलिनची, चेलोची पाने लिहिण्याचे काम संयोजक करी. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गायकाच्या सुरामागून व्हायोलिनची दुसरी ओळ खेळवली, ती आपल्या सर्वांच्या कानांत आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफले गेले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. यातली मुख्य गोष्ट अशी, की हे संयोजक त्या रांगांत बसूनच वाढले होते. व्हायोलिनवादकांची रांग हीच त्यांची पाठशाळा होती, आणि तेथे विद्या शिकताना रोजगारही मिळत असे.

आता यंत्राची कथा पाहू. कॅलिफोर्नियातील हॅरी चेंबरलिन यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस एक कल्पना लढवली. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा ठेवावा, त्यावर खऱ्या वादकाचा एक सूर मुद्रित करावा. पट्टी दाबली की सूर वाजावा. हीच कल्पना बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंकडे पोहोचली आणि 1963 मध्ये ‘मेलोट्रॉन’ बाजारात आले. त्याची फीत सुमारे आठ सेकंद चाले; मग सूर तुटे. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेला त्या काळीच धास्ती वाटली होती. पुढे 1979 मध्ये सिडनीच्या ‘फेअरलाइट’ने फितीऐवजी अंकांत साठवलेला ध्वनी आणला. 1998 मध्ये ‘गिगासँपलर’ने स्वर संगणकाच्या तबकडीवरून थेट वाजवण्याची सोय केली, तेव्हा साठवणुकीची जुनी अडचण उरली नाही. त्यानंतर व्हिएन्नाचे चेलोवादक हर्ब टुकमांडल यांनी एक मार्मिक गोष्ट ओळखली. व्हायोलिनमध्ये सुटा सूर मुद्रित करून भागत नाही; एका सुरातून दुसऱ्यात जाताना जे घडते, तेही मुद्रित केले पाहिजे. त्यांच्या संस्थेने सुरासुरांमधील असे असंख्य सांधे टिपून ठेवले. 2020 मध्ये तर बीबीसीच्या वाद्यवृंदाचा एक छोटा संच विनामूल्य मिळू लागला. हायडनला चाकरी करून जे मिळाले, त्याची छाया आता फुकट मिळते.

छाया हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. समजा, पियानो वाजवणाऱ्या मुलाने ‘व्हायोलिन’ निवडून एका हाताने चार सुरांचा स्वरमेळ दाबला. यंत्रातला प्रत्येक सूर सोळा वादकांनी मिळून वाजवलेला आहे. म्हणजे ऐकू येतात ते चौसष्ट. प्रत्यक्षात सोळाजण चार गटांत विभागले जातील आणि एकेका सुरावर चौघेच उरतील. यंत्रावर दणदणीत वाटलेली रचना सभागृहात विरळ वाटते, त्याचे एक कारण हे. दुसरे, गजाला लांबी आहे. जोराने ओढला तर तो लवकर संपतो, हळुवार ओढला तर पुरतो. मेलोट्रॉनची फीत निदान आठ सेकंदांनी संपत तरी होती. आजच्या पुष्कळ संचांतील सूर बोट उचलीपर्यंत चालू राहतो. तिसरे, तोच सूर भराभर वाजवला की एकच मुद्रण फिरून फिरून येते आणि ठोकल्यासारखे ऐकू येते. म्हणून एकाच सुराची अनेक मुद्रणे आळीपाळीने वाजवण्याची युक्ती करावी लागली. आणि आपल्या मींडेचे काय? सूर यंत्रात वाकवता येतो, पण तारेवर सरकणारे बोट त्यात नसते.

म्हणून हे साधन टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. ज्याला आयुष्यात एकही वाद्यवृंद समोर मिळाला नसता, त्याला त्याने कान दिले, हा उपकार मोठा आहे. शिकणाऱ्याने एवढेच करावे : स्वरमेळ एका पंज्याने दाबू नये, चारही ओळी वेगवेगळ्या वाजवाव्यात, प्रत्येक ओळ आधी गाऊन पाहावी, खालच्या स्वरांत अंतर मोकळे ठेवावे, आणि गज कोठे फिरेल याची खूण पानावर करावी.

परंतु इतिहासाचा हिशेब येथे पुरा होत नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील व्हायोलिनच्या लांबलचक रांगा ओसरल्या. काम यंत्रांकडे गेले. रोजगार गेला हे दुःख उघड दिसते. रांगेबरोबर पाठशाळाही गेली, हे तितकेसे दिसत नाही. यंत्रातला प्रत्येक सूर कोण्या जिवंत वादकाच्या हाताने एकदा काढलेला आहे. तो हात घडवणारी माणसे उरली नाहीत, तर पुढच्या पिढीला केवळ मागच्या पिढीचे सूर फिरून फिरून वाजवीत बसावे लागेल. आपल्या शहरांतून व्हायोलिन शिकवणारे गुरुजी अजून आहेत. यंत्रावर रचलेल्या चार ओळी कागदावर उतरवाव्यात, त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि त्यांचा गज कोठे अडखळतो ते पाहावे. त्या अडखळण्यात जे शिकायला मिळेल, ते कोणत्याही संचात मुद्रित केलेले नाही.