कासव : पाठीचा कणा व बरगड्या

कासवाचे कवच हे घर नसून त्याचा सांगाडाच आहे. कवच टाकून पळणारे कासव फक्त व्यंगचित्रांत शोभते. मानेचे 8 मणके मोकळे व लवचिक असतात. धडाचे 10 मणके आणि रुंदावलेल्या बरगड्या मात्र पाठीच्या कवचात एकजीव झालेल्या असतात. इतर चतुष्पादांत बरगड्यांच्या बाहेर असणारी खांद्याची हाडे येथे पिंजऱ्याच्या आत असतात, ही खरी नवलाची गोष्ट. बरगड्या हलत नसल्याने श्वसनाचे काम मुख्यतः पोटाच्या स्नायूंवर येते. चीनमधील सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या ओडोंटोकेलिस या आद्य कासवाच्या जीवाश्मात (वर्णन 2008) पोटाकडील कवच पूर्ण आहे, पाठीवर मात्र नुसत्या रुंद बरगड्या दिसतात. आजच्या लेदरबॅक या समुद्री कासवाच्या बरगड्या कवचाशी सांधलेल्या नसतात.