अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी : स्वराचा मूळ पुरावा

१/
नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांच्या यंत्राच्या कर्ण्यासमोर गौहरजान गायल्या आणि गाणे संपताच त्यांनी इंग्रजीतून आपले नाव मोठ्याने उच्चारले. मेणावर झालेले हे मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात जाणार होते. तेथील कामगारांना हा आवाज कोणाचा हे कळावे, म्हणून ती घोषणा.

२/
ध्वनिमुद्रिका आपली ओळख अशी स्वतःबरोबर बाळगत असे. जुन्या तबकड्या आणि जुनी यंत्रे जपणाऱ्यांचा आग्रह केवळ गतकाळाच्या ओढीतून आलेला नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मूळ कागद का लागतो, या प्रश्नाशी तो आग्रह जोडलेला आहे.

३/
तबकडी घडे ती लाखेची. पळस, कुसुम यांसारख्या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचे ते मिश्रण. लाखेचा मोठा पुरवठा भारतातूनच होई. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना सुरू झाला आणि तबकड्या येथेच छापल्या जाऊ लागल्या. इतर देशांत हा प्रकार मागे पडल्यावरही भारतात तो चालू राहिला. १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा येथे अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर निघाली.

४/
दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तासभर रंगणारा राग त्या अवकाशात बसवताना गायकांना आलाप आवरावा लागला, बंदिशीला लवकर हात घालावा लागला. त्या काळच्या मैफलीचे हे हुबेहूब चित्र नव्हे, हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

५/
खरा पेच वेगाचा आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या हा दंडक १९२० च्या दशकात स्थिरावला. त्यापूर्वीची मुद्रणे कमी-अधिक वेगाने झालेली आढळतात. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर स्वर सुमारे अर्ध्या स्वराने चढतो. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल, तर तो जवळपास पांढरी दोनचा ऐकू येतो. लय वाढते, तान अधिक चपळ भासते, आवाजाचा पोतही पालटतो.

६/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील गायकांविषयी ‘आवाज फार बारीक होता’ किंवा ‘तान विजेसारखी होती’ असे मत बनवण्यापूर्वी हा प्रश्न विचारावाच लागतो. ऐकू येते ते गायकाचे कसब आहे की चुकलेला वेग?

७/
तबकडी हाती असेल, तर शोध घेता येतो. लेबल आणि लेबलाजवळ कोरलेला मुद्रण-क्रमांक यांवरून काळ ठरवता येतो. स्वित्झर्लंडच्या लेंको कंपनीच्या काही जुन्या यंत्रांत दांडा सरकवून वेग हवा तसा बदलता येतो. म्हणूनच संग्राहक ती जपतात. सुईही निराळी लागते, कारण या तबकडीची खाच नंतरच्या एलपीच्या खाचेहून सुमारे तिप्पट रुंद असते.

८/
स्ट्रीमिंगने दुर्मीळ गायन घरोघरी पोहोचवले, हे ऋण मान्य करायलाच हवे. मात्र तेथे पोहोचण्यापूर्वी कोणीतरी वेग निवडलेला असतो, खरखर पुसलेली असते, कधी अखेरची घोषणाही कापलेली असते. हे निर्णय बहुधा कोठे नोंदलेले नसतात. तबकडी फुटली किंवा भंगारात गेली, तर ते पडताळण्याचा मार्गही खुंटतो.

९/
१९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांसाठी जगातील निवडक संगीत गोळा होत होते. गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी निवडली गेली, परंतु ती ध्वनिमुद्रिका बाजारातून नाहीशी झाली होती. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. दुकानदाराने त्या टाकून दिल्या असत्या, तर ही निवड कदाचित कागदावरच राहिली असती.

१०/
व्हॉयेजर १ यानाने ५ सप्टेंबर १९७७ रोजी उड्डाण केले; १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्यांचा स्वर घेऊन गेलेली वस्तूही एक तबकडीच आहे, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची. तिच्यासोबत सुई आहे आणि वेष्टणावर ती कोणत्या वेगाने फिरवावी हे आकृतीने कोरलेले आहे. पृथ्वीवरच्या कित्येक जुन्या तबकड्यांबाबत हीच माहिती आज अभ्यासकांना कानाने आणि यंत्राने शोधून काढावी लागते.