माळरान ‘पडीक’ कधी झालं?

आजचा भाग आहे एका शब्दाबद्दल. शब्द अगदी साधा, रोजच्या कानावरचा: ‘पडीक’. या एका शब्दानं भारतातल्या लाखो एकर जमिनीचं, तिथल्या प्राण्यापक्ष्यांचं आणि मेंढपाळांचं नशीब कसं ठरवलं, ते आज बघू या.

पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवण-इंदापूरच्या आसपास बाहेर बघा. उसाचे पट्टे संपले की मध्येच उघडा माळ लागतो. उन्हाळ्यात पिवळा, पावसाळ्यात हिरवा. मधूनच एखादी हिवर किंवा बोरीचं झुडूप. आपल्याला वाटतं, इथे पूर्वी दाट जंगल असणार, कुणीतरी तोडलं असणार. नाहीतर निदान झाडं तरी लावायला हवीत. हे वाटणं कुठून आलं, हीच आजची गोष्ट.

इंदापूर, 1835

पेशवाई 1818 मध्ये संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. सरकारला पहिला प्रश्न पडला तो शेतसाऱ्याचा. पहिली मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केली. त्यात सारा इतका जड बसला की लोक जमिनी सोडून जायला लागले. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं मोजणी सुरू केली. मातीची खोली, रंग, पोत बघायचा, तिची प्रत लावायची आणि त्याप्रमाणे सारा तीस वर्षांसाठी बांधून द्यायचा. सारा उतरला, लोक परतले, लागवड वाढली. ही पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आपल्या सातबाऱ्याची पाळंमुळं याच व्यवस्थेत आहेत.

विंगेटसाहेब काही खलनायक नव्हते. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं काम चांगलंच होतं. पण या मोजणीनं जमिनीकडे एकाच नजरेनं बघितलं: ही सारा देईल का? देईल ती जमीन ‘लागवडीची’. न देईल ती खराबा, पोटखराब, पडीक.

तुम्ही म्हणाल, पडीक हा तर आपलाच जुना शब्द. बरोबर आहे. पण पूर्वी त्याच्या शेजारी आणखी शब्द होते आणि त्यांना वजन होतं. गायरान होतं, गावच्या गुरांसाठी राखलेलं. कुरण होतं. मराठ्यांचं राज्य घोडदळावर उभं होतं आणि घोडा गवतावर. म्हणून सरकारी कुरणं राखली जायची, गवत कापून गंज्या रचल्या जायच्या. म्हणजे गवताला किंमत होती. घोडदळ गेलं, तशी ती किंमतही उतरली.

गवताच्या मुलखाची माणसं

या माळाला सगळ्यात जवळून ओळखणारी माणसं म्हणजे धनगर. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायचं, पाऊस जवळ आला की परत माळावर. वाटेत शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात, कारण लेंडीखतानं जमीन कसदार होते. बदल्यात धान्य किंवा पैसे. शेती आणि माळ यांचा हा व्यवहार शेकडो वर्षांचा आहे. खंडोबा, म्हसकोबा, बिरोबा हे देव याच मुलखातले. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या ओव्या आणि देवांच्या कथा गोळा करण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घालवली, ती उगाच नाही.

आणि याच कथा आता विज्ञानाच्या कामी आल्यात! पुण्याची आयसर आणि अमेरिकेतलं मिशिगन स्टेट विद्यापीठ इथल्या संशोधकांनी 2025 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या, चरित्रं त्यांनी तपासली आणि त्यात कोणकोणत्या रानवनस्पतींची नावं येतात ते मोजलं. 44 नावं मिळाली. त्यातल्या 27 वनस्पती माळरानावरच्या, मोकळ्या उन्हात वाढणाऱ्या निघाल्या. हिवर, तरवड अशा. याचा अर्थ असा की इंग्रज येण्याच्या कितीतरी शतकं आधी हा मुलूख गवत आणि काटेरी झाडांचाच होता. हा माळ म्हणजे जंगलाचं उरलेलं हाड नव्हे. तो स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे.

वनखातं आलं, गवत मागे पडलं

1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. रुळांखाली स्लीपर लागतात, स्लीपरला लाकूड लागतं. 1864 मध्ये सरकारनं डीट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतितज्ज्ञाला भारताचा पहिला वनमहानिरीक्षक नेमलं. ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या जंगलात त्यांनी काम केलं होतं. 1865 आणि 1878 चे वनकायदे याच काळातले. या खात्याचा जन्मच लाकडासाठी झाला होता. त्यामुळे सागवान म्हणजे संपत्ती, आणि चराई व वणवा हे शत्रू. गवत कुठेच नाही.

याचं एक गमतीशीर उदाहरण आपल्या भाषेत आहे. ‘निलगिरी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उंच, गुळगुळीत खोडाचं झाड येतं, सर्दीवरचं तेल येतं. ते झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं! ब्रिटिशांनी ते दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांवर भरमसाट लावलं, म्हणून आपण झाडालाच निलगिरी म्हणायला लागलो. त्या डोंगरांचा माथा मात्र मूळचा गवताळ होता, दऱ्यांमध्ये तेवढी ‘शोला’ जंगलं. परदेशी झाडांनी ते गवत व्यापलं, आणि नाव उरलं ते पाहुण्या झाडाचं.

स्वातंत्र्य आलं, शब्द तोच राहिला

1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. 1952 च्या वननीतीनं ध्येय ठेवलं की देशाचा एक तृतीयांश भूभाग वनाखाली हवा. हेतू चांगलाच होता. पण एवढी झाडं लावायची कुठे? शेतात तर लावता येत नाहीत. मग नजर गेली ‘पडीक’ जमिनीवर. 1985 मध्ये तर राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळच निघालं.

केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं. 2019 च्या आवृत्तीत देशाची जवळजवळ 17 टक्के जमीन पडीक दाखवली आहे. त्यात खरोखर खराब झालेली जमीन आहेच, खाणीनं उकरलेली, क्षारानं पांढरी पडलेली. पण त्याच यादीत झुडपी माळ, वाळवंट आणि गवताळ भागही बसवलेत.

परिणाम बघा. कच्छमधलं बन्नी हे आशियातल्या नावाजलेल्या गवताळ प्रदेशांपैकी एक. 1961 मध्ये वनखात्यानं खारटपणा रोखायला तिथे वेडी बाभूळ लावली. ती अशी पसरली की आज बन्नीचा मोठा भाग तिच्या जाळीखाली आहे आणि म्हशी पाळणाऱ्या मालधारींना चाऱ्यासाठी वणवण करावी लागते. आपल्याकडे माळांवर सुबाभूळ, ग्लिरिसिडिया आली. 2019 मध्ये महाराष्ट्रानं एका वर्षात 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हाही खड्डे खणायला उघडे माळ सोयीचेच होते.

आता प्राण्यांकडे या. चित्ता हा मोकळ्या मैदानात धावणारा प्राणी. 1947 मध्ये कोरियाच्या राजानं शेवटचे तीन मारले, असं मानतात. 1952 मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माळढोकच्या तर नावातच माळ आहे. सलीम अलींना तो राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं, पण 1963 मध्ये मान मोराला मिळाला. 1969 मध्ये देशात सुमारे 1,260 माळढोक असल्याचा अंदाज होता. आज दीडशेही नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात.

आपल्याकडे 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं! कागदावर भलंमोठं. पण त्यात बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनी, गावं, तालुक्याची ठिकाणं. घर बांधायला अडचण, जमीन विकायला अडचण. पक्ष्याबद्दल राग तेवढा वाढला. शेवटी ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर नान्नजच्या माळावर माळढोक दिसणं हीच बातमी झाली होती. आधी शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला बाजूला ठेवायचं, मग पक्षी वाचवायचा, हे जमत नाही.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी गवताला गवत म्हणू द्या. माळाची किंमत जमिनीखाली असते. गवताची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात आणि हवेतला कार्बन तिथे साठवतात. त्यावर खड्डे खणून रोपं लावणं म्हणजे एक परिसंस्था मोडून दुसरी उभी राहील, या आशेवर बसणं. झाडं लावायची तर जिथे जंगल होतं तिथे लावा. सौरऊर्जाही आपल्याला हवीच आहे, पण ‘ही तर पडीक जमीन’ म्हणून पॅनलची पहिली ओळ माळावरच टाकायची का, हा प्रश्न विचारायला हवा.

बदल थोडा थोडा होतोय. विंगेटनं जिथे साखळी टाकली, त्याच इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर आता वनखातं गवताळ सफारी चालवतं. लांडगा, चिंकारा, तरस बघायला लोक पैसे देऊन येतात. ज्या जमिनीतून सारा निघाला नाही म्हणून ती कमी प्रतीची ठरली, तिचं तिकीट निघतंय! पण त्याच माळावर मेंढरं चारणाऱ्याला त्या तिकिटातलं काय मिळणार आणि चराईचा हक्क राहणार की जाणार, हे अजून ठरायचंय. पुढची भांडणं तिथेच होतील.

जाता जाता एक काम. फोन तुमच्या हातातच आहे. महाभूलेखवर जा आणि आपल्या गावचा एखादा सातबारा उघडा. त्यात ‘पोटखराब क्षेत्र’ असा रकाना दिसेल, कंसात ‘लागवड अयोग्य’. तिथे आकडा असेल तर घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्या तुकड्यावर काय उगवायचं, कोण चरायचं, कोणते पक्षी यायचे. जे सांगतील ते रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या एखाद्या भागात नक्की ऐकवू.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!