पुणे–नगर रस्त्यावरचे जादा दिवे

पुण्याहून नगरकडे जाताना कोरेगाव भीमा ओलांडले की शिक्रापूरच्या अलीकडे सणसवाडी लागते. शिरूर तालुक्यातील हे गाव आज कारखानदारीसाठी ओळखले जात असले, तरी वाहनांच्या दिव्यांचा इतिहास पाहू जाणाऱ्यास या रस्त्याइतका सोयीचा रस्ता महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. वाहनांच्या सुट्या भागांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था पुण्यात आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था नगरला आहे, दोहोंच्या मधे रांजणगावला मोटारी तयार होतात, आणि या साऱ्यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या कडेला गॅरेजवाले व वायरमन, म्हणजे वाहनांची वीजजोडणी करणारे कारागीर, कारखान्यातून आलेल्या गाडीवर मालकाच्या पसंतीचे जादा दिवे चढवून देतात. या दिव्यांच्या इतिहासात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या दिसते: उजेड वाढवण्याचे साधन आधी हाती आले, आणि तो उजेड कोठे अडवावा याची समज मागाहून आली.

मोटारी येण्यापूर्वी या रस्त्यावर दिव्याचे काम रस्ता दाखवण्याचे नव्हते. बैलगाडीच्या जुवाखाली किंवा साटीखाली टांगलेला कंदील समोरून येणाऱ्यास गाडीची जाणीव करून देई, एवढेच त्याचे प्रयोजन होते. वाट बैलांना ठाऊक असे आणि गाडीवान निर्धास्त डुलक्या घेई. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत निघालेल्या ओगले ग्लास वर्क्सने आपला प्रभाकर कंदील घरोघर पोचवला, तेव्हा स्वदेशी काचेमागची ती ज्योत गाड्यांखालीही लोंबू लागली. दिसण्यासाठीचा दिवा आणि पाहण्यासाठीचा दिवा हा भेद पुढील साऱ्या विवेचनात लक्षात ठेवावा लागतो, कारण आज जादा दिवे घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना या दोहोंपैकी नेमके काय हवे आहे, हे दुकानात उभे राहिल्यावरही ठरलेले नसते.

मोटारीचा वेग वाढला तसा रस्ता स्वतः पाहणे चालकास भाग पडले, आणि त्यासाठीचा पहिला समर्थ दिवा कार्बाइडचा होता. पितळी डब्याच्या खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे भरून वरच्या कप्प्यातील पाणी बारीक चावीतून थेंबाथेंबाने त्यांवर सोडले, की अ‍ॅसिटिलीन वायू निघे. तो नळीतून समोरच्या दिव्यात नेऊन पेटवला म्हणजे पांढरीशुभ्र ज्योत मिळे, आणि तिच्यामागे बसवलेला अंतर्गोल आरसा तिचा झोत करी. थेंबांची गती कमीजास्त झाली की ज्योत भडके किंवा मंदावे, आणि प्रवास संपल्यावर उरलेला चुन्यासारखा लगदा खरवडून काढावा लागे. अमेरिकेत १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि १९१३ साली जर्मनीत बॉश कंपनीने डायनामो, बॅटरी व दिवे यांची एकत्र रचना बाजारात आणली, तेव्हापासून कार्बाइडचा काळ सरत गेला. मात्र विजेच्या दिव्याने एक नवा प्रश्न निर्माण केला: समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू लागले. त्यावर उपाय म्हणून झोत खाली झुकवण्याची सोय निघाली, आणि तिलाच आपल्याकडे ‘डिपर’ म्हणू लागले. लांबवर जाणारा झोत तो ‘अप्पर’, खाली झुकलेला तो ‘डिपर’, ही जोडी मराठी चालकांच्या बोलण्यात इतकी रुळली आहे की डिपर मारणे ही एक स्वतंत्र क्रियाच होऊन बसली.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावली, म्हणजे एसटीच्या इतिहासाचा पहिला मैल याच रस्त्यावरचा आहे. याच सुमारास महायुद्धातील जीप डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराने निकाली काढलेल्या मालाच्या विक्रीत, नागरिकांच्या हाती येत होत्या. त्यांच्या डाव्या मडगार्डवर शत्रूच्या विमानांना दिसू नये अशा बेताने मंद उजेड टाकणारा वेगळा दिवा असे, त्यांची वीजव्यवस्था ६ व्होल्टची होती, आणि त्या बळावर मिळणारा प्रकाश आजच्या मानाने अगदीच तुटपुंजा होता. पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत दिव्यांच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवण्याचे हुकूम निघाले. शांततेच्या काळातही शहरांतून काचेवर काळा ठिपका लावण्याची पद्धत टिकून राहिली. झोताला निश्चित कड नसल्यामुळे तो रंगानेच अडवावा लागे, म्हणून ही पद्धत चालली.

जादा आणि बदली दिव्यांच्या व्यवसायाचा पाया घातला तो मात्र एका मापाने. अमेरिकेत १९४० च्या सुमारास काच, आरसा आणि तंतू एकत्र बंद केलेला ‘सील्ड बीम’ दिवा ७ इंच व्यासाच्या गोल आकारात प्रमाणित झाला, आणि तोच गोल आकार अ‍ॅम्बॅसडर, फियाट म्हणजेच नंतरची प्रीमियर पद्मिनी, आणि महिंद्राची जीप या तिन्हींच्या तोंडावर आला. माप एक असल्याने कोणत्याही कंपनीचा दिवा कोणत्याही गाडीत बसे. फ्रान्सच्या सिबिए, जर्मनीच्या हेला आणि इंग्लंडच्या लुकास या नावांना मोटारवेड्या लोकांत जी प्रतिष्ठा लाभली ती यामुळेच: चार स्क्रू काढून मूळ दिवा उतरवायचा आणि त्याच खाचेत नवा बसवायचा, इतके ते काम सोपे होते. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर या मालाच्या बाजारपेठा म्हणून नावारूपास आल्या, आणि रस्त्याकडेच्या वायरमनचा माल तेथूनच येत राहिला.

दिव्यातील दुसरी क्रांती हॅलोजनची. काचेच्या नळीत आयोडीन किंवा ब्रोमीनसारखे हॅलोजन मूलद्रव्य भरले असता तंतूवरून उडालेले टंगस्टन पुन्हा तंतूवर येऊन बसते, त्यामुळे तंतू अधिक तापवता येतो आणि काच काळवंडत नाही. युरोपात १९६२ साली असा एकतंतू बल्ब आला आणि १९७१ साली अप्पर व डिपर हे दोन्ही तंतू एकाच काचेत असलेला ‘एच-फोर’ बल्ब आला, ज्याचे प्रमाणित बळ अप्परला ६० वॉट व डिपरला ५५ वॉट असते. भारतीय बाजारात त्याच खाचेत बसणारे १०० आणि ९० वॉटचे बल्ब आले, आणि येथूनच वायरमनचे कसब कसाला लागले. १२ व्होल्टवर दोन ६० वॉटचे बल्ब मिळून १० अँपिअर वीज ओढतात, तर दोन १०० वॉटचे बल्ब जवळजवळ १७ अँपिअर. इतकी वीज कारखान्याने घातलेल्या बारीक तारेतून आणि डॅशबोर्डावरील स्विचमधून नेली, तर तार तापते, होल्डर वितळतो, आणि तारेतच वीज खर्ची पडल्याने बल्बपाशी पुरेसा दाब पोचत नाही. तंतूच्या दिव्याला मिळणारा दाब १० टक्क्यांनी कमी झाला तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. त्यामुळे मोठा बल्ब बसवूनही कित्येकांच्या रस्त्यावर उजेड म्हणावा तसा पडत नसे, आणि जुन्या तारा बदलून मूळचाच बल्ब ठेवणाऱ्याची गाडी त्यांच्यापेक्षा सरस ठरे.

यावरचा इलाज म्हणजे रिले. रिले हा विजेनेच चालणारा स्विच असून त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात. बॅटरीपासून निघालेली जाड तार आधी फ्यूजमधून जाऊन ३० ला मिळते, ८७ पासून तशीच जाड तार दिव्याकडे जाते, आणि ८५ व ८६ यांच्यामधील वेटोळ्याला डॅशबोर्डावरील स्विचची नाममात्र वीज मिळाली की आतला टेकू ओढला जाऊन ३० आणि ८७ जुळतात. जाणता वायरमन फ्यूज बॅटरीच्या अगदी लगत ठेवतो, म्हणजे पुढे तार कोठेही घासून उघडी पडली तरी आग लागत नाही. ५५ वॉटच्या जोडीला तो किमान २.५ चौरस मिलिमीटरची तार घालतो. आणि अर्थिंगची तार बोल्टखाली दाबण्यापूर्वी पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करतो. जादा लांब झोताच्या दिव्यांच्या रिलेला तो अप्परच्या तारेवरूनच चालना देतो, त्यामुळे डिपर दिला की तेही आपोआप विझतात. या एका जोडणीत सारी सभ्यता सामावलेली आहे, आणि स्वतंत्र बटणावर चालणारे जादा दिवे या रस्त्यावर इतके का दिसतात, याचे उत्तर त्या तारेची बचत करणाऱ्या कारागिराकडे आणि तशी मागणी करणाऱ्या मालकाकडे मागावे लागते.

निवडीचा प्रश्नही बाजाराने गुंतागुंतीचा केला आहे. लांब झोताचा दिवा अप्परला जोड म्हणून असतो आणि मोकळ्या रस्त्यावर दूरचे दाखवतो. धुक्याचा दिवा, म्हणजे फॉग लाईट, बंपरच्या खाली बसून जमिनीलगत रुंद व वरून कापलेला झोत टाकतो, जेणेकरून धुक्यातील थेंबांवरून उजेड परतून चालकाच्याच डोळ्यांत येऊ नये. पावसाळ्यात माळशेज घाट ओलांडणाऱ्यास दुसरा उपयोगी, तर रात्री नगरच्या पुढे मराठवाड्यात जाणाऱ्यास पहिला. पिवळ्या उजेडाची ख्यातीही जुनी आहे. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत पुढचे दिवे पिवळेच असावेत असा कायदा होता. धुक्यातील थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ मोठे असल्याने पिवळा रंग धुके भेदतो या समजुतीला भौतिकशास्त्राचा फारसा आधार मिळत नाही, परंतु निळसर उजेडापेक्षा तो डोळ्यांना कमी खुपतो एवढे खरे.

कायद्याने या व्यवसायाकडे समोरच्याच्या डोळ्यांतून पाहिले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्याला दिपवणारा झोत चालणार नाही. १११ वा नियम नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून पुढे स्पॉटलाईट बसवण्यास मनाई करतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास कळवले, तेव्हा जादा दिव्यांची नेहमीची बैठकही हिरावली गेली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाहीत असा निर्वाळा दिला. नियम असे नेमके असूनही ८ मीटरचे माप रस्त्यावर कोणी घेत नाही, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव होय.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून गाडीच्या तोंडवळ्याप्रमाणे घडवलेले दिवे रूढ झाले आणि ७ इंचांचे राज्य ओसरले. आता बदल करायचा तो बल्बमध्ये किंवा बंपरवर. हॅलोजनच्या आरशात एलईडीचा बल्ब घालण्याची चाल यातूनच वाढली, आणि रात्रीच्या त्रासाचे सर्वांत मोठे मूळ तीच आहे: आरशाची घडण तंतूच्या नेमक्या जागेला धरून केलेली असते, एलईडीचे तुकडे त्या जागी तंतोतंत बसत नाहीत, त्यामुळे डिपरची कापलेली कड विस्कटते आणि उजेड वर उडतो. शिक्रापूरहून चाकणकडे जाणाऱ्या, बराचसा दुपदरी असलेल्या रस्त्यावर असा झोत समोरच्याला क्षणभर आंधळा करतो. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तर गळीत हंगामात उसाच्या टायरगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री संथपणे चाललेल्या असतात, आणि मागे लाल परावर्तक नसलेली ट्रॉली दिपलेल्या चालकास दिसतच नाही. जादा दिव्याची गरज तिथे खरी असते, पण ट्रॉलीमागे चिकटवलेली परावर्तक पट्टी ती गरज अर्ध्याहून कमी करते.

आजच्या गाड्यांत दिव्यांना जाणारी वीज संगणकाच्या नजरेखालून जाते आणि परकी जोडणी दिसताच डॅशबोर्डावर इशारा उमटतो, म्हणून तार कापून सांधण्याऐवजी मूळ सॉकेटांत बसणारे कपलर वापरण्याची पद्धत पडली आहे. दिव्याची दिशा लावण्याचे काम मात्र हातानेच करावे लागते: गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करून, टायरांत हवा नेमकी भरून आणि चालकाच्या जागी माणूस बसवून, डिपरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली येईपर्यंत मागचा स्क्रू फिरवतात, आणि मागच्या आसनावर माणसे व डिकीत सामान भरल्यावर तीच कड किती वर सरकते ते पुन्हा एकदा पाहून घेतात.